गावातली चर्चशाळा आणि दर्जाचं माप

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात चर्चच्या आवारालगत दगडी शाळा दिसते. उंच खिडक्या, छपरावर छोटी घंटा, शेजारी हेडमास्तरांचं घर. आत पट साठ-सत्तरचा. तिथलं शिक्षण चांगलं की वाईट, हा वाद आज तपासणी अहवालांवरून होतो. पण त्याची सुरुवात शोधायला दोनशे वर्षं मागे मद्रासला जावं लागतं.

अँड्र्यू बेल हे पाद्री 1789 साली मद्रासच्या लष्करी अनाथालयातल्या मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. जवळच्या एका देशी शाळेत त्यांना मुलं बोटाने वाळूत अक्षरं गिरवताना दिसली. आपण जिला धूळपाटी म्हणतो, तीच ही. बेलना ती आवडली, पण हाताखालच्या शिक्षकांना काही ती रुचेना. मग त्यांनी ते काम आठ वर्षांच्या एका मुलाकडे सोपवलं आणि ते जमलं. मोठ्याने धाकट्याला शिकवायचं, मास्तरांनी फक्त देखरेख करायची, या ‘मद्रास पद्धती’चं वर्णन त्यांनी 1797 मध्ये लंडनला छापलं. 1811 साली इंग्लंडच्या चर्चने गरिबांच्या शिक्षणासाठी ‘नॅशनल सोसायटी’ काढली, तेव्हा तिने हीच पद्धत उचलली. एक मास्तर, शेकडो मुलं, खर्च नाममात्र.

गिरण्यांच्या शहरात हे ठीक होतं. तीस-चाळीस पोरांच्या गावात मात्र मॉनिटर, म्हणजे धाकट्यांना शिकवणारा मोठा मुलगा, व्हायच्या वयाचं पोर शेतावर कामाला लागलेलं असे. दुसऱ्यांसाठी बेतलेला अंगरखा गावच्या शाळेने घालायचा, हे तिथूनच सुरू झालं असं मला वाटतं.

सरकारचा पैसा 1833 पासून आला, सुरुवातीला वर्षाला 20,000 पौंड. पैशामागून 1839 साली तपासनीस आले. चर्चशाळांचे तपासनीस आर्चबिशपांच्या संमतीनेच नेमायचे असं 1840 मध्ये ठरलं, त्यामुळे बहुतेक जण पाद्रीच असत. 1841 च्या कायद्याने जमीनदारांना शाळेसाठी एक एकरापर्यंत जागा देणं सोपं झालं. आजच्या कित्येक इमारती अशा दानाच्या जागेवर उभ्या आहेत.

खरा घाव 1862 चा. सरकारात शिक्षणाचं काम पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांच्या ‘सुधारित संहिते’ने, म्हणजे अनुदानाच्या नव्या नियमांनी, अनुदान निकालाला बांधलं. मुलामागे साधारण बारा शिलिंग: चार सरासरी हजेरीवर, आठ वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर. एका विषयात मूल नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स गेले (बारा पेन्सचा एक शिलिंग). तपासणीच्या दिवशी पहिलीच्या पोराने एका दमात उच्चारता येणाऱ्या छोट्या शब्दांचा उतारा वाचायचा, सांगितलेली अक्षरं पाटीवर काढायची, वीसपर्यंतचे आकडे लिहायचे. पोर कापणीला, बटाटे काढायला गेलं किंवा गोवराने घरी बसलं, की हजेरीवरचे चार शिलिंगही धोक्यात. हेडमास्तरांना रोजनाम्यासारखं लॉगबुक ठेवणं याच संहितेने सक्तीचं केलं. अशी जुनी लॉगबुकं उघडली तर पाऊस, चिखल आणि बटाटे यांच्याच नोंदी फार. अभ्यासाबद्दल दोन ओळी मिळाल्या तरी नशीब.

कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः तपासनीस होते. त्यांनी 1867 च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की, चलाखीने तयारी करून घेतली तर मुलांना वाचता-लिहिता न येताही ही परीक्षा पार होते. पुस्तक पाठ असलं की झालं. ‘निकालावर अनुदान’ मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झालं होतं, म्हणजे हा काच आपल्याकडेही पोचला होता. इंग्लंडमध्ये ते 1890 च्या दशकात हळूहळू मोडीत निघालं. घोकंपट्टीची सवय त्यानंतरही टिकली.

1870 च्या कायद्याने सरकारी तपासनिसांना धर्मशिक्षणाच्या तपासणीतून बाजूला केलं. ते काम चर्चने नेमलेल्यांकडे गेलं. त्या दुहेरी तपासणीचा वारसा अजून चालू आहे: ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेची एक, चर्चची वेगळी. 1902 च्या कायद्याने चर्चशाळांतल्या शिक्षकांच्या पगाराचा भार स्थानिक करांवर टाकला, तेव्हा इतर पंथांचे लोक खवळले. गावात शाळा एकच, तीही चर्चची, आणि कर मात्र आमचा! काहींनी कर नाकारला, जप्ती आणि तुरुंगही सोसला. 1944 च्या कायद्याने चर्चशाळांपुढे दोन पर्याय ठेवले. स्वायत्तता हवी तर बांधकामाचा निम्मा खर्च चर्चने उचलायचा, नाहीतर शाळा बव्हंशी स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात द्यायची. पैशाची चणचण असलेल्या अनेक गावशाळांनी दुसरी वाट धरली.

1988 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम, 1992 चं ऑफस्टेड, मग निकालांचे तक्ते. ऑफस्टेडच्या 2019 च्या तपासणी-चौकटीने काही विषय निवडून त्यांची आखणी खोलात जाऊन पाहायला सुरुवात केली, म्हणजे तयारी सगळ्याच विषयांची हवी. धर्मशिक्षण धरून विषय बारा, शिक्षक तीन. म्हणजे एकेकीकडे चार विषयांची जबाबदारी, त्यात हेडबाई स्वतः वर्ग घेणाऱ्या. सहावीत सहा मुलं असतील तर एक मूल म्हणजे निकालातले जवळजवळ 17 टक्के. एका वर्षी शाळा अव्वल, पुढच्या वर्षी ढासळलेली, आणि बाई त्याच. आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवरून चाललेला वाद ज्यांनी ऐकलाय, त्यांना यातलं दुखणं समजावून सांगायला नको.

मुलं फारच थोडी असतील तर ती ओळखू येऊ नयेत म्हणून निकालाचा आकडा झाकतात. 1862 साली ज्या शाळेत पोरागणिक पेन्स मोजले जात, तिच्या नावापुढचा रकाना आज कोरा असू शकतो. मग घर बदलून गावात आलेले आईबाप एखाद्या दुपारी फाटकाशी उभं राहून, शाळा सुटताना बाहेर पडणारी पोरं बघतात.