जुन्या डायव्हिंग रेग्युलेटरला नवे भाग: ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पार्ट ओरिजिनल आहे ना? डुप्लिकेट नको बरं का." डुप्लिकेट म्हटलं की गिऱ्हाइकाच्या मनात शंका येते, आणि ती रास्तच आहे. पण दुहेरी नळीच्या जुन्या रेग्युलेटरचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा पाणबुड्याला श्वासापुरती देणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की हा हिशेब उलटा होतो. यूएस डायव्हर्सचे डीए ॲक्वामास्टर, रॉयल ॲक्वामास्टर, मिस्ट्रल घ्या, नाहीतर इंग्लंडात सिबे गॉर्मनने परवान्यावर बनवलेले ॲक्वालंग घ्या. यांचं उत्पादन थांबून कित्येक दशकं झाली. आज "ओरिजिनल" म्हणून हाती येतो तो त्या काळी पाकिटात बंद करून ठेवलेला माल. पाकीट कोरं करकरीत, वरची छपाई ताजी, आणि आतलं रबर म्हातारं.

रबराचं वय ते वापरायला काढल्यापासून धरायचं नसतं. साच्यातून बाहेर आलं त्या दिवसापासून ते मोजायचं. रबर साठवण्याबद्दल आयएसओ 2230 हे मानक आहे. नीट जागी, नीट पाकिटात ठेवलेल्या नैसर्गिक रबराला ते 5 वर्षं देतं, नायट्राइल आणि निओप्रीन या कृत्रिम रबरांना 7, सिलिकॉन आणि ईपीडीएमला 10. तपासणीत पास झालं तर थोडी मुदतवाढ मिळते. साठ वर्षांपूर्वीचा डायफ्राम, म्हणजे श्वासासरशी हलून हवा सोडणारा रबरी पडदा, या हिशेबात कुठे बसेल ते तुम्हीच पाहा. घरी बघायचं असेल तर सीलबंद पाकिटातला डायफ्राम बाहेर काढा, बोटावर हलकेच वाकवा आणि वाकलेल्या जागी भिंग धरा. बारीक, केसासारख्या चिरा दिसतील. हातात तो शाबूत वाटतो, पण प्रत्येक श्वासाला तेवढाच वाकणार असतो आणि तेही पाण्याखाली.

म्हणून आम्ही नव्याने बनवलेले भाग विकतो आणि त्यांना "नव्याने बनवलेले" असंच म्हणतो. प्रत्येक पाकिटावर साच्यातून काढल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तुम्ही भाग कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण ही तारीख विचारा. सांगता येत नसेल तर तो भाग डायव्हिंगसाठी घेऊ नका.

आता आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या गोष्टीकडे येतो.

जुना डायफ्राम कडक झाला की घरात कुणीतरी सांगतं, खोबरेल तेल लाव, नरम पडेल. पडतोही. रात्रभर तेलात ठेवला की सकाळी लवचीक, काळाभोर, नव्यासारखा दिसतो. मग कुणाला तरी वाटतं की हा वापरून बघण्यापेक्षा याच मापाचा नवा मागवू. व्हर्नियर लावून मिलिमीटरच्या दशांशापर्यंत काटेकोर माप घेतलं जातं आणि आम्हाला पाठवलं जातं. मोजमाप अगदी बरोबर असतं, फक्त ते तेल पिऊन फुगलेल्या रबराचं असतं.

मालवणच्या एका गिऱ्हाइकाच्या वडिलांचा रेग्युलेटर असाच तीनदा आला नि गेला. वडील पाणबुडे होते, वस्तू जपून ठेवलेली, मुलाला त्याच रेग्युलेटरने एकदा तरी पाण्यात उतरायचं होतं. त्यांनी पाठवलेल्या मापाने आम्ही डायफ्राम कापून दिला. तो रेग्युलेटरच्या पितळी डबीच्या दोन झाकणांमध्ये बसवून क्लिपा लावल्या की कडेला एक छोटी चुणी पडायची. चुणी म्हणजे पाण्याला वाट. तिथून आलेलं पाणी थेट श्वासाच्या हवेत येतं. त्यांनी क्लिपा आणखी आवळल्या, चुणी सरकून दुसरीकडे गेली. दुसऱ्यांदा नवं माप आलं, तेही त्याच डायफ्रामचं, आता थोडा सुकलेला म्हणून थोडं कमी. शेवटी आम्ही अख्खा रेग्युलेटर मागवून घेतला, डबीच्या पितळेवरून माप घेतलं आणि त्या मापाचा पहिलाच डायफ्राम नीट बसला. आमच्याकडे अर्ध्या दिवसाचं काम होतं, त्याला दीड महिना गेला.

लक्षात ठेवायचं ते इतकंच: माप पितळेवरून घ्या, रबरावरून नको. पितळ साठ वर्षांत बदललेलं नसतं. जुनं रबर एक तर फुगलेलं असतं, नाहीतर आकसलेलं, नाहीतर ताणून लांबलेलं. तेल, व्हॅसलीन, शिलाई मशीनचं तेल, यांतलं काहीही रेग्युलेटरला लावू नका. यात मापाच्या घोटाळ्यापेक्षाही गंभीर बाब आहे. जास्त ऑक्सिजनची हवा आणि उच्च दाब असेल तिथे तेलाने आग लागू शकते.

कुठल्या भागाला कुठलं साहित्य, यावरही बरेच फोन येतात. डायफ्राम आम्ही सिलिकॉनचा देतो. तो मऊ राहतो, लवकर विटत नाही, श्वास हलका येतो. मात्र त्याला सिलिकॉन ग्रीस लावू नका, सिलिकॉनचा भाग सिलिकॉन ग्रीसने फुगतो. तो कोरडाच बसवायचा. "डायफ्राम सिलिकॉनचा चांगला, मग ओ-रिंगही (जोड हवाबंद करणाऱ्या गोल कड्या) सिलिकॉनच्याच द्या" असं बरेच जण सुचवतात. उच्च दाबाच्या जागी आम्ही तसं करत नाही. सिलिकॉन घासलं गेलं की लवकर फाटतं आणि दाबातली हवा त्यातून सहज झिरपते. तिथे योग्य कडकपणाचं नायट्राइलच लागतं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातली, नळाला बसणारी ओ-रिंग दिसायला तशीच असते. तीही नको.

पितळ चमकवायला चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा भांडी घासायची पावडर वापरणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. आंबट पाण्यात फार वेळ ठेवलं की पितळातलं जस्त निघून जातं आणि त्यावर गुलाबी झाक येते. पावडरीने घासताना व्हॉल्व्हच्या धारेवर एक चरा पडला तर कितीही चांगली सीट (त्या धारेवर टेकून हवा अडवणारा तुकडा) बसवा, हवा गळतच राहणार. हिरवा गंज दिसला तर दिसू द्या, तसाच पाठवा.

सीटचा विषय निघाला आहे तर आमच्या एका पद्धतीबद्दल सांगतो, कारण त्यावरून नाराजी होते. उच्च दाबाची सीट आम्ही सुटी विकत नाही, रेग्युलेटरमध्ये बसवूनच देतो. तो प्लास्टिकचा एक बारीक तुकडा आहे, किंमत फार नाही, तरीही सुटा मिळणार नाही. जुन्या रेग्युलेटरच्या जमान्यातल्या पोलादी सिलिंडरचा दाब 2250 पीएसआय, म्हणजे साधारण 155 बार असायचा. आज डायव्ह सेंटरवर मिळणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर 207 बारचा असतो. त्याच धारेवर आता जास्त दाब येतो. नव्या सीटवर धारेचा गोल ठसा उमटतो, आणि तो पक्का बसेपर्यंत मधल्या टप्प्याचा, म्हणजे सिलिंडरचा दाब सीटपाशी कमी होऊन पुढे मिळणारा, दाब हलत राहतो. म्हणून सीट बसवल्यावर आम्ही पुन्हा पुन्हा हवा सोडतो, रात्रभर दाबाखाली ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी परत जुळवतो. गेजची सुई एकदा थांबली की थांबलीच पाहिजे. ती केसभर जरी वर सरकत राहिली तरी सीट काढून परत बघायची. रेग्युलेटर परत द्यायला आम्हाला दिवस लागतात ते यामुळे. काही जुने योक (रेग्युलेटर सिलिंडरला आवळायची चौकट) आजच्या सिलिंडरच्या जाड व्हॉल्व्हवर बसतही नाहीत, तेही आम्ही इथेच लावून बघतो.

उच्छ्वासाच्या डकबिल व्हॉल्व्हबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण रेग्युलेटरची सगळी गंमत त्यातच आहे. 1943 च्या सुमारास फ्रेंच पाणबुडे जाक कुस्तो यांनी इंजिनियर एमिल गान्यां यांनी बनवलेल्या व्हॉल्व्हची फ्रान्समधल्या मार्न नदीत चाचणी घेतली. आडवं पोहताना तो नीट चालायचा. उभं राहिलं की हवा आपोआप वाहून जायची, डोकं खाली केलं की ओढून घ्यावी लागायची. उच्छ्वास बाहेर पडायची जागा आणि हवा आत घेणारा डायफ्राम वेगवेगळ्या उंचीवर होते. 10 मीटर पाण्याचा दाब जवळपास एका वातावरणाइतका, म्हणजे एक वीतभर अंतरसुद्धा श्वासाला जाणवतं. दोन्ही जवळजवळ आणले आणि यंत्र सुधारलं. दुहेरी नळीच्या रेग्युलेटरमध्ये उच्छ्वास थेट तोंडाजवळ न सोडता नळीने पाठीमागे डायफ्रामपाशी का नेलेला असतो, त्याचं कारण हेच. बदकाच्या चोचीसारखा हा रबरी तुकडा तिथेच असतो. तो कडक झाला तर उच्छ्वास जड जातो, फार मऊ असला तर चोच नीट मिटत नाही आणि नळीत पाणी उतरतं.

सुरुवातीच्या काळात आम्हीच एक खेप फार मऊ बनवली होती. टेबलावर फुंकून बघताना उत्तम वाटायची. पाण्यात उतरल्यावर नळीत गुळगुळ आवाज येऊ लागला. विकलेला प्रत्येक तुकडा आम्ही परत घेतला आणि बदलून दिला. तेव्हापासून प्रत्येक साच्यातला एक नमुना पाण्याच्या टाकीत, तिरका, उभा, उलटा करून बघितल्याशिवाय ती खेप बाहेर जात नाही.

नळ्यांचं थोडक्यात: वळ्या ताणून उजेडात धरा, वळीच्या तळाशी चिरा दिसल्या तर नवी नळी घ्या. आमच्या नळ्या जुन्या नळ्यांइतक्याच मऊ ठेवलेल्या आहेत, कारण कडक नळी मान वळवताना तोंडातला भाग ओढते आणि जबडा दुखायला लागतो.

ज्यांना रेग्युलेटर फक्त काचेच्या कपाटात ठेवायचा आहे त्यांना एवढा खर्च करायची गरज नाही, आम्ही करूही देत नाही. नावाची पट्टी, क्लिपा, चमक एवढं करून देतो. पण त्या रेग्युलेटरला आम्ही तारेने लाल पट्टी बांधतो: "शोभेसाठी, पाण्यात नेऊ नये". ती काढू नका. वस्तू उद्या भाच्याकडे किंवा विकत घेणाऱ्याकडे जाईल, त्याला तुमच्या माझ्यातलं बोलणं माहीत नसेल. डायव्हिंगसाठी जो रेग्युलेटर देतो त्याला प्रेशर गेज जोडायची सोय आहे का, हेही बघतो. पूर्वी राखीव हवेची दांडी ओढण्यावर भागायचं, आज गेजशिवाय कुणी पाण्यात उतरू नये असं आमचं ठाम मत आहे.

पाठवताना रेग्युलेटर अख्खा, न उघडलेला पाठवा. उघडून झालं असेल तर निघालेलं सगळं एकाच पिशवीत घाला: फुटलेली ओ-रिंग, वाकलेली स्प्रिंग, कागदासारखी पातळ वॉशर, सगळं. कुठल्या वॉशर किती होत्या यावर जुळणी ठरते, आणि कचरा म्हणून टाकलेली वॉशर आम्हाला मग अंदाजाने शोधावी लागते. मॉडेलची पाटी आणि सिरियल नंबर यांचा फोटो आधी पाठवलात तर भाग तयार आहेत का ते त्याच दिवशी सांगतो. तपासणीचे पैसे घेत नाही. काम झाल्यावर जुने भाग वेगळ्या पाकिटात घालून, कुठला का बदलला ते लिहून, रेग्युलेटरसोबतच परत येतात.