घर घेताना जीएसटी लागतो का? आणि बुकिंग रद्द झालं तर तो परत कसा मागायचा?

नव्या फ्लॅटच्या कोटेशनमध्ये जीएसटीची ओळ दिसली की आधी एक तारीख विचारा: भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे ओसीची (इमारत राहायला तयार असल्याचा अधिकृत दाखला). ओसी किंवा पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतरच सगळी रक्कम दिली असेल, तर जीएसटी लागत नाही. रीसेलचं घर आणि नुसती जमीन यांवरही नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी (महाराष्ट्रात १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये) मात्र वेगळी, ती द्यावीच लागते.

वरच्या वाक्यातला ‘सगळी’ हा शब्द नीट वाचा. ओसीआधी टोकन म्हणून लाखभर रुपये दिले, तरी त्या घराचे पुढचे हप्तेही करात येतात, मग ते ओसीनंतर का भरेनात. त्यामुळे ‘ओसी महिन्याभरात येतेय, आत्ता टोकन देऊन ठेवा’ असं कोणी म्हणालं तर मी तरी थांबायलाच सांगेन. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं पाहता येतात. तिथे ओसी दिसली नाही तर बिल्डरकडे प्रत मागा आणि महापालिकेत खात्री करून घ्या.

बांधकाम चालू असलेल्या घराला १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या प्रकल्पांत दोन दर आहेत: परवडणाऱ्या घराला १ टक्का, इतर घरांना ५ टक्के. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, पुण्या-नाशकात ९० पर्यंत. दोन्ही अटी एकदम पाळल्या जायला हव्यात. लोक फसतात ते किमतीत, कारण पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, वरच्या मजल्याचे जादा पैसे हे सगळं त्या ४५ लाखांत धरलं जातं. फ्लॅट ४४.५ लाखांचा आणि पार्किंग १ लाखाचं असेल, तर एकूण ४५.५ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २,२७,५०० रुपये कर. नेमक्या ४५ लाखांवर तो १ टक्क्याने ४५,००० झाला असता.

आता बुकिंग रद्द झालं तर. बिल्डरला त्या बिलाची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी किंवा रद्द केल्याचा कागद, काढायची मुदत (आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर) शिल्लक असेल, तर जीएसटी त्याच्याकडूनच परत मागायचा. मुदत उलटली असेल तर तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकांसाठी ही सोय डिसेंबर २०२२च्या परिपत्रकाने झाली, पण अजून अनेकांना ती माहीत नाही.

जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे तात्पुरती नोंदणी करा. राज्य निवडताना स्वतःचं नाही, बिल्डरची जीएसटी नोंदणी ज्या राज्यात आहे ते निवडायचं. आधार पडताळणी आणि तुमच्याच नावाचं बँक खातं लागतं. मग आरएफडी-०१ फॉर्ममध्ये ‘नोंदणी नसलेल्या व्यक्तीचा परतावा’ हा प्रकार निवडून करारनामा, बिलं, पैसे भरल्याचा पुरावा, रद्द केल्याचं पत्र आणि बिल्डरचं प्रमाणपत्र जोडा. हा कर सरकारकडे भरला आहे आणि क्रेडिट नोटद्वारे तो आपण परत घेतलेला नाही, असं त्या प्रमाणपत्रात असावं लागतं. हा कागद मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून तो आधी मागा. बिल्डरने रक्कम कापून परत केली असेल, तर जीएसटीही त्याच प्रमाणात मिळतो.

अर्जाची मुदत दोन वर्षं, आणि ती बिल्डरने दिलेल्या रद्दपत्राच्या तारखेपासून मोजतात. फोनवर ‘रद्द केलं’ एवढ्यावर सोडू नका, तारीख घातलेलं पत्र हातात घ्या.