स्टेन्सिलची शीट आणताय? आधी ती जळते कशी ते बघा

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात लेझर कटिंगचं काम करतो, त्यामुळं आठवड्यातनं दोन-तीन जण तरी विचारतातच, "स्टेन्सिल कापायची आहे, कुठली शीट आणू?" स्टेन्सिल म्हणजे अक्षरं कापून काढलेली शीट, वरनं रंग मारला की खाली नाव उमटतं. कुणाला गुळाच्या बॉक्सवर पेढीचं नाव मारायचं असतं, कुणाला फौंड्रीतल्या कास्टिंगवर पार्ट नंबर, मंडळाच्या पोरांना भिंतीवर तालमीचं नाव. आणि येताना बहुतेक जण हातात काहीतरी घेऊनच येतात, जुना फ्लेक्स, सनबोर्डचा तुकडा, नाहीतर घरात पडलेली एखादी पारदर्शक शीट. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आमची मशीन सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड वायूच्या लेझरची. हा लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला, त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंग पुण्यात झालेलं, हे मी कामावरच्या पोरांना आवर्जून सांगतो. त्याचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, आणि प्लास्टिक, लाकूड, कागद तो लगेच शोषून घेतात. शोषला की तिथं उष्णता तयार होते. पुढं काय होणार ते मात्र शीटवर आहे. पुठ्ठा करपतो, अ‍ॅक्रिलिकची जवळजवळ सरळ वाफ होते, पॉलिस्टर वितळून बाजूला सरकतं. पीव्हीसीचं मात्र विघटन होऊन वायू सुटतो, आणि सगळ्यात वाईट तेच.

पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. तापलं की हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो, हवेतलं पाणी मिळालं की त्याचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टात हवेत पाण्याला काय तोटा. माझ्यावर हे गुदरलंय. एका दुकानातनं पॉलिस्टर म्हणून पारदर्शक शीट आणली, पहिल्या अक्षरालाच घशात खवखवणारा उग्र वास आला तरी मी जॉब संपवला, आणि चार दिवसांत मशीनच्या रेल्सवर तांबूस गंज चढला. लोखंडाचं हे झालं, तर छातीत काय गेलं असेल याचा विचार करून आजही वाईट वाटतं. फ्लेक्स, रेक्झिन, व्हिनाईल स्टिकर यात पीव्हीसी असतंच, सनबोर्ड म्हणून मिळतो तोही बहुतेक पीव्हीसीचा फोमच. हे लेझरखाली अजिबात घालू नका, कितीही फुकट मिळालं तरी.

मग ओळखायचं कसं? पाण्यात टाकून बघतात काही जण, पण त्यानं अर्धंच कळतं, पॉलीप्रॉपिलीन तरंगतं आणि पॉलिस्टर आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. तांब्याची तार घ्या, पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा, ज्योतीचा हिरवा रंग जाईपर्यंत तापवा. मग ती गरम तार शीटला टेकवा, जरासं प्लास्टिक चिकटलं की परत ज्योतीत धरा. ज्योत लख्ख हिरवी झाली तर क्लोरीन आहे, शीट परत करा. हे मोकळ्या हवेत, वाऱ्याकडं पाठ करून करायचं, आणि नखाएवढाच तुकडा पुरतो.

माझी पसंती पॉलिस्टर फिल्मला. जुने पेंटर एक्स-रे फिल्मवर ब्लेडनं अक्षरं कापायचे ते आठवतंय का? ती फिल्म म्हणजे पॉलिस्टरच, साधारण १७५ मायक्रॉनची, त्या लोकांनी अनुभवानं बरोबर वस्तू निवडली होती. पॉलिस्टर २५० अंशांच्या वर वितळतं, थिनरनं पुसलं तरी बिघडत नाही, फाटायला चिवट. पॉवर कमी, स्पीड जास्त ठेवला तर कड स्वच्छ येते, सावकाश कापलं तर कडेला मणी धरतात आणि शीट भिंतीला नीट टेकत नाही. टेकली नाही की दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा रंग फटीत ओढला जातो, केशाकर्षण ते हेच, आणि अक्षराला मिशा फुटतात.

जाडीचं गणित लोक चुकतात. जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट नाही, आठपट होतो. १२५ मायक्रॉनची फिल्म दुधाच्या कॅनवर गोल बसते, २५० ची उसळून वर येते. सपाट बॉक्सला १९० बरी. दुकानदार गेजमध्ये बोलला तर १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन धरा.

बाकीचं थोडक्यात. अ‍ॅक्रिलिक सुंदर कापतं, पण कापलेल्या कडेला थिनर लागला की बारीक तडे जातात, आणि जाड शीटमुळं स्प्रे तिरका पडला की कडेला सावली राहते. एमडीएफ रांगोळीला छान, ओल्या रंगाला नको, फुगतं. पॉलीप्रॉपिलीनवर रंग धरत नाही, वाळला की सोलून निघतो, म्हणजे स्टेन्सिल साफ करायला सोपी, पण कापताना कड वितळून ओघळते.

आणि एक अडचण खास आपल्या लिपीची. 'कोल्हापूर' कापायला घ्या. शिरोरेषा म्हणजे एक लांबच लांब चीर, तिच्याखालची शीट जिभांसारखी लोंबते, शिवाय 'क' चं आणि 'प' चं पोट सुटून बेडवर पडतं. म्हणून पोटाला दोन्हीकडनं ब्रिज द्यायचे, म्हणजे पोट बाकीच्या शीटला धरून ठेवणाऱ्या न कापलेल्या बारीक पट्ट्या, आणि शिरोरेषा दर एक-दोन अक्षरांमागं तोडायची. दोन इंची अक्षराला मी २ मिलिमीटरच्या खाली ब्रिज ठेवत नाही, बारीक ठेवला की पुसताना पहिला तोच तुटतो. कापताना आधी आतली पोटं, मग अक्षरं, बाहेरची चौकट सगळ्यात शेवटी, नाहीतर पातळ फिल्म धूर ओढणाऱ्या एक्झॉस्टच्या ओढीनं हलते. काम झालं की रंग ओला असतानाच फडक्यानं पुसून स्टेन्सिल सपाट ठेवा, गुंडाळून ठेवली तर वाक बसतो आणि पुढच्या वेळी कडा भिंतीला टेकत नाहीत.