सहमालक गेल्यावर ट्रस्टमधल्या घराचा विमा कोणी भरायचा?

घरात मृत्यू झाल्यावर विम्याची आठवण कोणाला होत नाही, आणि ते साहजिकच आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच प्रकरणांतला घोळ नेमका त्याच आठवड्यांत सुरू झालेला असतो. म्हणून हे माहितीपत्रक.

दोघा भावांचे एक घर आहे, असे धरा. थोरल्याने मृत्युपत्र करून आपला अर्धा हिस्सा मुलांसाठी ट्रस्टमध्ये ठेवला आणि तो वारला. विम्याचा हप्ता त्याच्या खात्यातून आपोआप जायचा. बँकेने खाते गोठवले, हप्ता अडकला. नूतनीकरणाचा मेसेज आला तो त्याच्याच मोबाइलवर, आणि मोबाइल बंद करून कपाटात ठेवलेला. धाकट्याला वाटते, हिस्सा ट्रस्टकडे गेला, आता विश्वस्त, म्हणजे ट्रस्टचा कारभार पाहणारे, बघतील. विश्वस्तांना वाटते, घरात राहतो तो, त्यानेच भरला असेल. दोघांपैकी कोणाचीच नियत खोटी नाही, तरी घर विम्याविना उभे आहे.

आधी मालकीचा कागद काढा. काही ठिकाणी संयुक्त मालकी अशी असते, की एक मालक गेला की सगळी मिळकत हयात मालकाकडे जाते. मग ट्रस्टकडे काही येतच नाही आणि विमाही हयात मालकानेच भरायचा. हिस्से वेगवेगळे असतील, तर मयताच्या हिश्श्याची जबाबदारी आधी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर (मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था लावणाऱ्यावर) असते आणि हिस्सा ट्रस्टच्या नावे झाला की विश्वस्तांवर येते. लाभार्थी, म्हणजे ज्याच्यासाठी ट्रस्ट केला तो, घरात राहतो म्हणून विश्वस्त सुटत नाहीत. हप्ता लाभार्थ्याने भरावा असे ट्रस्टच्या दस्तात लिहिलेले असू शकते, पण तो खरोखर भरला गेला की नाही, हे विश्वस्तांनीच पाहायचे. विश्वस्ताने पदरचे पैसे घातले, तर योग्य खर्च म्हणून ते ट्रस्टच्या पैशांतून सहसा परत घेता येतात. पावती मात्र जपून ठेवा.

अर्ध्या छपराचा विमा काढून भागत नाही. आमचा सल्ला असा, की पॉलिसी एकच घ्यावी, संपूर्ण घराची, आणि तिच्यात हयात सहमालक आणि विश्वस्त या सगळ्यांची नावे असावीत. हप्ता हिश्श्याप्रमाणे वाटून घ्या. एकट्या धाकट्याच्या नावावर पॉलिसी असेल, तर कंपनी त्याच्या हितसंबंधापुरतीच, म्हणजे त्याच्या हिश्श्यापुरतीच, भरपाई मान्य करू शकते. दोघांनी दोन पॉलिसी काढल्या, तरी नुकसान दोनदा मिळत नाही. कंपन्या ते आपसांत वाटून घेतात.

बंद घराकडे विशेष लक्ष द्या. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामे राहिले, की अनेक पॉलिसींत चोरीचे आणि पाणीगळतीचे संरक्षण कमी होते किंवा थांबते. ही मुदत पॉलिसीगणिक बदलते, म्हणून आपल्या पॉलिसीतले कलम स्वतः वाचा. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप सुटला आणि कोणी फिरकलेच नाही, तर पाणी भिंतीत मुरत राहते. पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, कोणीतरी ठरलेल्या दिवशी फेरी मारा आणि तारखेची नोंद वहीत ठेवा. क्लेमच्या वेळी ती वही उपयोगी पडते.

विम्याची रक्कमही तपासा. घर पुन्हा बांधायला 100 लागणार असतील आणि विमा 60 चाच असेल, तर सरासरीचे कलम (विमा जितका कमी, त्याच प्रमाणात भरपाई कमी करणारे) असलेल्या पॉलिसीत 20 च्या नुकसानीला 12 च मिळतात. जुन्या मालकाने कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेला आकडा तसाच पुढे ओढू नका. बाजारभाव यात धरायचा नसतो, बांधकामाचा खर्च धरायचा.

वारसांचे कागद पूर्ण व्हायची वाट पाहू नका. निधनाची माहिती विमा कंपनीला आजच लेखी कळवा, घरात सध्या कोण राहते तेही लिहा, आणि पॉलिसी चालू असल्याचे लेखी उत्तर मागा. आमच्याकडे येताना मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा ट्रस्टचा दस्त, मालकीचा कागद आणि जुनी पॉलिसी आणा. पॉलिसी सापडत नसेल, तर हप्ता गेल्याची नोंद असलेले बँकेचे पासबुक आणा. कंपनीचे नाव त्यावरून शोधता येते.