खुबा उजवा, काठी डावी

मागच्या महिन्यात मामा-मामींना घेऊन तुळजापूरला गेलो होतो. महाद्वारातून आत शिरले की देवीच्या गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरतच जावे लागते, आणि मामांचा उजवा खुबा झिजलेला असल्यामुळे ते प्रत्येक पायरीवर उजव्या हातातील काठी टेकवून, सगळे अंग त्याच बाजूला झुकवून उतरत होते. ‘मामा, काठी डाव्या हातात घ्या,’ असे मी सांगितले, तेव्हा ते जागीच थांबले आणि म्हणाले, ‘दुखतंय उजवीकडं अन् काठी डावीकडं कशाला?’ मागून उतरणाऱ्या दोघातिघांनीही त्यांचीच बाजू घेतली. छपराची जी बाजू खचते तिलाच मेढ लावतात, असा त्यांचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद होता. पायऱ्यांवर उभे राहून त्याला उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून ते येथे देतो.

आधी खुबा नेमका कोठे असतो हे पाहिले पाहिजे, कारण तसे विचारल्यावर बहुतेक जण मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूने हाताला लागणाऱ्या कठीण उंचवट्यावर बोट ठेवतात. तो उंचवटा मांडीच्या हाडाचाच असला तरी सांधा तेथे नसतो. तो तेथून चार-पाच बोटे आत, जांघेच्या मध्याशी आणि चांगला खोल असतो. म्हणूनच खऱ्या खुब्याचे दुखणे जांघेत, मांडीच्या पुढच्या भागात, तर कधी चक्क गुडघ्यात जाणवते, आणि वर्षभर गुडघ्याला तेल चोळून थकलेल्या माणसाच्या खुब्याचा एक्स-रे काढल्यावर खरा प्रकार उघडकीला येतो. कुल्ल्यातून निघून पोटरीपर्यंत जाणारी कळ बहुधा कमरेच्या मणक्यातून आलेली असते.

ज्या हाडांत या सांध्याची वाटी कोरलेली असते, त्यांचे मिळून एक कडे बनते. मागे त्रिकास्थी, म्हणजे पाच मणके जुळून झालेले एक हाड, त्याच्या खाली माकडहाड आणि दोन्ही बाजूंना एकेक रुंद हाड, जी पुढे ओटीपोटाच्या खाली एकमेकांना भेटतात. बाजूचे हे प्रत्येक हाड लहानपणी तीन वेगवेगळ्या तुकड्यांचे असते, आणि ते तिन्ही तुकडे ज्या ठिकाणी एकत्र येतात ते ठिकाण म्हणजेच खुब्याची वाटी. वयात येण्याच्या सुमारास त्यांच्यामधील कूर्चेचे हाड होऊन ते कायमचे जुळतात. विटेवरच्या विठोबाने हात कटीवर ठेवले आहेत, ती कटी म्हणजे याच हाडाची वरची कड होय. बसल्यावर ज्यावर आपला भार येतो ते गोळेही याच हाडाचे.

या वाटीत मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा गोळा बसतो. शाळेच्या पुस्तकातील ‘उखळीचा सांधा’ तो हाच. खांद्याचाही सांधा याच जातीचा आहे, पण खांद्याची वाटी बशीसारखी उथळ आणि खुब्याची खरोखरच उखळासारखी खोल असते, त्यामुळे खांदा वरचेवर निखळतो आणि धडधाकट मोठ्या माणसाचा खुबा मोटारीच्या अपघातासारखा जबरदस्त आघात झाल्याशिवाय सहसा निखळत नाही. मला मात्र गोळ्यापेक्षा त्याची मान अधिक आवडते. मांडीचे हाड सरळ वर जाऊन वाटीत शिरत नाही. वरच्या टोकाला ते आतल्या बाजूला वळते, आणि ही मान व खालचे सरळ हाड यांच्यामध्ये मोठ्या माणसात सुमारे १२५ ते १३० अंशांचा कोन असतो. एखाद्या सुताराला विचारले तर भार पेलायला असले वाकडे लाकूड कोण वापरील, असेच तो म्हणेल. तरीही हे वाकडेपण तेथे का आहे, याचे उत्तर तरफेत सापडते.

दोन्ही पायांवर, विठोबासारखे समचरण उभे असताना प्रत्येक खुब्यावर शरीराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भार येतो. चालताना मात्र प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. समजा, ६० किलो वजनाचा माणूस उजव्या पायावर उभा आहे. एक पाय सुमारे १० किलोचा धरला, तर उरलेले ५० किलो, म्हणजे डोके, धड, हात आणि लोंबकळणारा डावा पाय, एकट्या उजव्या गोळ्यावर तोलले जातात. पण हे वजन गोळ्याच्या नेमके वर नसते. त्याचा मध्य गोळ्यापासून सुमारे १० सेंटिमीटर डावीकडे असतो. त्याला अडवणारे काही नसते, तर कटीचे कडे डावीकडे खाली कलंडले असते. ते कलंडू न देण्याचे काम कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या भागातील स्नायू करतात. त्यांचे एक टोक कटीच्या हाडावर पसरलेले आणि दुसरे टोक मघाच्या त्या बाहेरच्या उंचवट्याला बांधलेले असते. मान वाकडी असल्यामुळेच हा उंचवटा गोळ्यापासून दूर, बाहेर ढकलला जातो आणि स्नायूंना ओढण्यासाठी सुमारे ५ सेंटिमीटरची भुजा मिळते. मान सरळ असती, तर ती भुजा आणखी तोकडी झाली असती.

आता गोळा हा टेकू, ५० किलो हा भार आणि स्नायूंची ओढ हे बल. भार गुणिले भारभुजा म्हणजे ५० गुणिले १०, अर्थात ५००. तेव्हा ५ सेंटिमीटरच्या बलभुजेवर स्नायूंना १०० किलोची ओढ लावावी लागते. टेकूवर भारही येतो आणि बलही येते, म्हणून गोळ्यावरचा दाब ५० अधिक १०० म्हणजे १५० किलो, शरीराच्या वजनाच्या अडीचपट होतो. आकडे मी हिशेबासाठी सोपे केले आहेत, पण ते हवेतले नाहीत. जर्मन अस्थिशल्यविशारद फ्रीडरिश पाउवेल्स यांनी १९३५ मध्ये हा हिशेब सविस्तर मांडला, आणि पुढे बर्लिनमध्ये दाब मोजून रेडिओने बाहेर कळवणारे कृत्रिम खुबे रुग्णांना बसवले गेले, तेव्हा चालताना प्रत्यक्ष मोजलेला दाबही याच्या आसपासच निघाला.

म्हणजे दुखऱ्या सांध्याला चिरडतात ते मुख्यतः शेजारचे स्नायू, आणि काठीचे काम त्यांची ओढ कमी करणे हे आहे. डाव्या हातातील काठी उजव्या गोळ्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर असते. तिच्यावर केवळ ५ किलो जोर दिला, तरी ५ गुणिले ४० म्हणजे २०० ची कलंडण टळते. उरतात ३००, स्नायूंची ओढ ६० किलोवर येते, आणि ५ किलो काठीने घेतल्यामुळे वरचा भारही ४५ राहतो. बेरीज १०५. हातावर ५ किलो घेतले आणि खुब्यावरचे ४५ किलो उतरले! हीच काठी उजव्या हातात धरली, तर तिचा रेटा धडाला डावीकडेच कलंडवतो. थोडा आराम पडतो तो अंग काठीवर झुकवल्यामुळे, कारण झुकल्याने भाराचा मध्य गोळ्याच्या जवळ येतो. स्नायू दुबळे झालेली माणसे दर पावलाला झोल खात चालतात, तेही याच कारणाने. अशा माणसाने एका पायावर उभे राहिल्यास दुसऱ्या बाजूची कटी खाली पडते, ही खूण फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्येच नोंदवून ठेवली आहे.

हाच हिशेब ओझ्याला लावला, की आणखी गंमत दिसते. दहा लिटर पाण्याची कळशी डाव्या हातात असेल, तर कलंडण ५०० ऐवजी ९०० होते आणि उजव्या गोळ्यावर २४० किलो येतात. तीच कळशी उजव्या हातात, गोळ्याच्या १५ सेंटिमीटर बाहेर असेल, तर दाब १३० किलो, म्हणजे रिकाम्या हाताने उभे राहण्यापेक्षाही कमी भरतो. टँकरवरून पाणी आणणाऱ्या बायका कळशी कधी या कडेवर तर कधी त्या कडेवर घेतात, त्यांचे खुबे आलटून पालटून हे गणित सोडवत असतात. कृत्रिम खुब्याच्या शस्त्रक्रियेचे प्रणेते जॉन चार्नली वाटी मुद्दाम आत सरकवून बसवत आणि उंचवटा आणखी बाहेर जोडत, तेही भाराची भुजा तोकडी आणि बलाची लांब करण्यासाठीच.

‘सरकलेला खुबा’ चोळून बसवून देणाऱ्यांची, मंतरलेली कडी आणि चुंबकाचे पट्टे विकणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. झिजलेली कूर्चा चुंबकाने परत येत नाही, पण पट्ट्याने निदान सहसा अपाय तरी होत नाही. चोळण्याने होतो. म्हातारे माणूस न्हाणीत घसरून पडले, पाय आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेर वळले, तर बहुधा तीच वाकडी मान मोडलेली असते. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या या मानेवरूनच चढत जातात आणि त्या तुटल्या तर गोळा उपाशी राहून कालांतराने ढासळतो. अशा वेळी पाय ओढणे आणि चोळणे हा गुन्हाच मानला पाहिजे.

दर्शन झाल्यावर मामांनी, माझे मन राखण्यासाठी असेल, काठी डाव्या हातात घेतली. चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि दुखरा पाय व काठी मागून न्यायची, तर उतरताना दुखरा पाय व काठी आधी, एवढे मी सांगितले. दहाबारा पायऱ्यांनंतर अंगाचा झोल कमी झालेला मला स्पष्ट दिसला, मामांनी मात्र तसे कबूल केले नाही. वर आल्यावर नारळाची आणि प्रसादाची पिशवी कोणत्या हातात घ्यायची असे त्यांनी विचारले, आणि मी उजव्या हाताचा हिशेब सांगू लागलो, तोच मामींनी पिशवी काढून घेऊन माझ्या हातात दिली.