केसपेपर, ७२ तास आणि एक पोच

गोव्यातल्या वाळपईच्या माझ्या मावशीला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे होते. त्यासाठी केसपेपर हवे होते. इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागाच्या खिडकीपाशी मी अर्ज घेऊन चारदा उभा राहिलो. एकदा फाइल वॉर्डातून खाली आली नव्हती, एकदा डॉक्टरांची सही राहिली होती, सही झाली तेव्हा शिक्का मारणारे रजेवर होते. माझ्या अर्जाच्या प्रतीवर पोच मात्र एकदाही मिळाली नाही.

गोव्यात वैद्यकशिक्षण फार जुने. आजच्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ सालच्या 'एस्कोला मेडिको' या पोर्तुगीजकालीन वैद्यकशाळेपर्यंत जाते. रुग्णाचा कागदावरचा हक्क मात्र अगदी अलीकडचा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली आणि केसपेपर पुराव्याचा कागद ठरला. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की गुप्ततेचे कारण पुढे करून रुग्णालाच त्याचे कागद नाकारता येत नाहीत. झेरॉक्सचा खर्च घ्या, पण प्रती द्या. गोवाही याच न्यायालयाच्या कक्षेत येतो. १९९७ मध्ये तर माहिती हक्काचा स्वतःचा कायदा करून गोवा देशाच्या आठ वर्षे पुढे होता.

मुदत ठरली ती २००२ साली. भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारनियमांतील कलम १.३.२ म्हणते, की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत. घोळ इथेच आहे. कागद देण्याबाबत मूळ इंग्रजी मजकुरात सक्तीचा शब्द आहे. पोच देण्याबाबत मात्र 'देता येईल' इतकाच सैल शब्द. पोचच नाही, तर ७२ तास कधीपासून मोजायचे? शिवाय हे नियम डॉक्टरांना बांधतात आणि रेकॉर्ड रूमची किल्ली असते इस्पितळाच्या कारकुनाकडे. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि हेलपाटे घालतो तो आजाऱ्याचा नातेवाईक. मला हे अन्यायाचे वाटते, कारण घड्याळ दुसरीकडे चालूच असते. ग्राहक तक्रारीला मुदत दोन वर्षांची, आणि आंतररुग्णाची नोंद जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांचे.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले. त्यांत ७२ तासांचे पाच कामकाजाचे दिवस झाले होते. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले.

पाचव्या खेपेला मी अर्जावर कलमाचा आकडा लिहिला, तो आवक विभागात दिला आणि माझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतला. तिसऱ्या दिवशी गठ्ठा हातात आला. भूल दिल्याच्या नोंदीचे पान त्यात नव्हते. त्यासाठी आता वेगळा अर्ज दिला आहे, पोच घेऊन.