आईबाबांच्या वेळची बाग पुन्हा उभी करायचीय? मग आधी एवढं वाचा

नमस्कार. आम्ही पुण्यात जुन्या बंगल्यांच्या आणि रो-हाऊसच्या बागा परत उभ्या करायचं काम करतो. फोन येतो तो बहुतेक वेळा असाच असतो, की कोथरूडला नाहीतर सहकारनगरला आईबाबांचा बंगला आहे, बाबा गेल्यापासून बागेकडे कोणी बघितलंच नाही, आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवत नाहीत, माळी येतो पाणी मारतो आणि जातो, आता नुसतं रान माजलंय, तर सगळं काढून टाका आणि छान लॉन करून द्या. काही फोन परदेशातून येतात, चुलतभाऊ मोबाईल धरून बाग दाखवत असतो आणि मुलगी तिकडून बघत असते. "सगळं काढून टाका" हे आम्ही शक्यतो करत नाही. का करत नाही तेच इथे सांगायचंय.

पहिले दोन दिवस फक्त साफसफाई, कुऱ्हाड नाही

दहा वर्षं पडून असलेल्या बागेत वर दिसतं ते सगळं घाणेरी, गाजर गवत, सुबाभूळ आणि वेलींचं जाळं. त्याच्या आत काय उभंय ते बाहेरून कळत नाही. एका बंगल्यात मधुमालतीचा डोंगर उतरवला तर खाली पारिजातक निघाला, खोड मांडीएवढं, एका बाजूने वाळलेला पण दुसऱ्या बाजूला पालवी. त्या काकू बाहेर येऊन कितीतरी वेळ त्याच्यापाशी उभ्या होत्या. असं झाड नर्सरीत कुठल्याही किमतीला मिळत नाही, ते वाढायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि ती तुमच्या घरच्यांनी आधीच घालवलेली असतात.

मधुमालती, जास्वंद, तगर ही मंडळी दोन-तीन फुटांवर कापली तरी परत फुटतात. काष्ठ झालेला मोगरा जानेवारीत छाटला, पानं काढली, आळं करून खत दिलं की मार्चपासून कळ्या धरतो. सोनचाफ्याला मात्र असली कडक छाटणी सोसत नाही, त्याची फक्त वाळकी लाकडं काढायची.

काढायचंच असतं ते म्हणजे कंपाऊंडच्या भिंतीत उगवलेले पिंपळ आणि उंबर, पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि मुळं भिंत फोडतात. वरून कापून उपयोग नाही, मुळासकट काढून ती फट सिमेंटने बुजवावी लागते. गाजर गवत फुलावर यायच्या आधी उपटायचं, हातमोजे आणि मास्क लावूनच, कारण त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमाही लागतो. (या गवताची भारतातली पहिली ठळक नोंद 1955 साली आपल्या पुण्यातच झाली, तेव्हा ते उपटायची जबाबदारी आपली जरा जास्तच आहे असं आम्ही मानतो.)

मोठं झाड तोडायचं असेल तर ते स्वतःच्या आवारातलं असलं तरी महापालिकेची परवानगी लागते, राज्याचा 1975 चा झाडं जपण्याबद्दलचा कायदा आहे. परवानगीशिवाय आम्ही करवत लावत नाही, कृपया आग्रह करू नका. आणि पसाऱ्यात साप निघाला तर काम थांबवून सर्पमित्राला बोलावतो. बहुतेक वेळा धामण असते, ती उंदरांसाठी आलेली असते.

खरा घोटाळा मातीत असतो

ह्यावर जरा जास्त लिहितोय कारण पैसे इथेच वाया जातात. बंगला बांधताना उरलेला राडारोडा, विटांचे तुकडे, प्लास्टर, चुनखडी हे सगळं बागेच्या जागेत पसरून त्यावर चार इंच माती टाकलेली असते. आमच्याकडूनही सुरुवातीला ही चूक झाली, एका ठिकाणी न खोदता नुसती लाल माती टाकून अनंत, जास्वंद, लिंबू लावलं, पावसाळ्यात सगळं हिरवंगार, आणि दिवाळीपर्यंत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत चुना जास्त असला की झाडाला लोह घेता येत नाही, कितीही खत घाला. शेवटी आमच्या खर्चाने परत खोदून सगळं बदलून दिलं.

तेव्हापासून तीन-चार ठिकाणी दीड फूट खड्डा खणून बघितल्याशिवाय आम्ही अंदाजपत्रक देत नाही. तुम्हीपण घरी बघू शकता, मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुना आहे. दुसरं म्हणजे त्याच खड्ड्यात पाणी भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर खाली निचरा नाही आणि तिथे लावलेलं झाड जुलैमध्ये मुळं कुजून जाणार.

मातीचा हिशोब सोपा आहे. हजार चौरस फुटांवर सहा इंच माती म्हणजे 500 घनफूट, म्हणजे पाच ब्रास. कोणी दोन ब्रासमध्ये करतो म्हणाला तर थर किती इंचाचा येणार ते विचारा. आम्ही लाल माती एकटी कधीच वापरत नाही, त्यात शेणखत किंवा गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड, आणि तुमच्याच बागेतला कुजलेला पालापाचोळा. तो पालापाचोळा प्लीज जाळू नका, घंटागाडीतही टाकू नका, आम्हाला हवा असतो.

लॉन हवंच का?

लॉनला विरोध नाही, पण त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं आणि जुन्या बंगल्यात आंबा-नारळाच्या सावलीत ते मिळत नाही. पाण्याचंही बघा, 500 चौरस फूट लॉनला उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तरी साधारण 230 लिटर होतात, म्हणजे दहा-बारा बादल्या, त्याही फक्त गवताला. सोसायटीत टँकर येत असेल तर आम्ही स्पष्टच नको म्हणतो. नातवंडांना खेळायला छोटा तुकडा करा, बाकी सावलीत जमिनीलगत पसरणारी झाडं आणि फरशी.

उन्हाची अजून एक गंमत, उत्तरेची बाजू म्हणजे कायम सावली असं समजून लोक डिसेंबरमध्ये तिथे फर्न लावतात. पण पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि मेच्या कडक उन्हात ते फर्न करपतात. म्हणून आम्ही वर्षभराचं ऊन धरून जागा ठरवतो.

फरशी, पाइप आणि मग झाडं

क्रम चुकला की काम दोनदा होतं. आधी जमिनीखालचे पाइप आणि वायर, मग वाटा, मग माती, मग मोठी झाडं, शेवटी लॉन. वाटेला गुळगुळीत पॉलिशची फरशी नको, पावसात शेवाळ धरून घरातलं वडीलधारं माणूस घसरतं, त्यामुळे खरखरीत शहाबादी घेतो, वाट चार फूट रुंद म्हणजे वॉकर आरामात जातो, आणि ढाळ घरापासून बाहेरच्या बाजूला, मीटरला एक सेंटिमीटर तरी. ठिबक लावलं तर फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचा, एवढं माळीकाकांना आम्ही समोर करून दाखवतो.

झाडांमध्ये आमची आवड सरळ आहे, घरात वापरायला आणि वास घ्यायला होतील अशी. दारापाशी मोगरा, खिडकीखाली रातराणी (वास सोसत असेल तरच), मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू, स्वयंपाकघराच्या मागे कढीपत्ता, गवती चहा, लिंबू. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या तर लगेच फवारणी करू नका, त्यातून फुलपाखरं होतात, कधीकधी नीलवंतसुद्धा, जे 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. जागा मोठी असेल तर तामण किंवा बहावा. वड-पिंपळाच्या जातीचं काहीही भिंतीजवळ नाही.

कधी सुरू करायचं

साफसफाई, खोदाई, फरशी हे एप्रिल-मे मध्ये, लागवड जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. लोक दिवाळीच्या आधी पंधरा दिवस फोन करतात, तेव्हा कुंड्या मांडून देता येतात, बाग नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर बाग थोडी रिकामी दिसेल, कारण झाडांमध्ये आम्ही मुद्दाम अंतर ठेवतो. तिथे लगेच अजून झाडं कोंबू नका. पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा आम्ही येऊन बघतो, मेलेलं झाड आमच्या खर्चाने बदलतो, पाणी द्यायचं राहून गेलं असेल तर मात्र नाही.

फोन करण्याआधी

कंपाऊंडच्या चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो काढा, सकाळी नऊला, दुपारी एकला आणि चारला, म्हणजे ऊन कुठे येतं ते कळतं. नळ, ड्रेनेजची झाकणं आणि पाण्याची टाकी कुठे आहे ते कागदावर हाताने काढलं तरी चालेल. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून ठेवा, इथे कुठलं झाड कोणी लावलं होतं, आम्ही आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारणार आहोत.